शेवाळाला खाऊ कोण घालतो?

मुसीच्या उत्तर काठावर अफझलगंज. उस्मानिया रुग्णालय, पूर्वीचे आसफिया आणि आताचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, शेजारी बेगम बाजाराच्या घाऊक पेठा. समुद्र इथून अडीचशे किलोमीटरहून दूर. इथल्या घरात प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे रीफ टँक, ठेवायची तर समुद्र पिशवीतले मीठ आणि नळाचे पाणी यांतूनच घडवावा लागतो. टाकीत शेवाळ माजले की बहुतेक जण दिव्याला नाही तर माशांना दोष देतात. माझे म्हणणे, आधी पाण्याकडे बघा.

या पाण्याला इतिहास आहे. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे गेली. रुग्णालयाच्या बागेतल्या एका चिंचेवर चढलेली दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. पुरानंतर निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांच्या योजनेतून 1920 मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि 1927 मध्ये ईसी नदीवर हिमायतसागर उभे राहिले. पूर अडवण्यासाठी बांधलेले हे तलाव शहराची तहानही भागवू लागले. पुढे मांजरा, कृष्णा आणि गोदावरीचे पाणीही हैदराबादच्या नळांत आले. पिण्यासाठी ते ठीक, प्रवाळांसाठी नाही. कमी प्रमाणात माणसाला निरुपद्रवी असलेले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट हेच शेवाळाचे खाद्य. बोअरचे पाणी तर त्याहून अवघड. हैदराबाद ग्रॅनाइटच्या कातळावर वसले आहे, त्यामुळे भूजलात सिलिका असते, आणि दाट वस्तीच्या जुन्या भागात सांडपाण्याचे नायट्रेट जमिनीत मुरते.

समजा टाकी दोनशे लिटरची आहे. हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात तिच्यातून रोज चार लिटर पाणी उडाले तर नवल नाही. उडते ते फक्त पाणी. मीठ आणि बाकी सगळे मागे राहते. भर घालायला वापरलेल्या पाण्यात लिटरला 20 मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर रोज 80 मिलिग्रॅम नायट्रेट टाकीत पडते. महिन्याभरात टाकीतले प्रमाण लिटरमागे 12 मिलिग्रॅमने वाढते, आणि तेही माशांना एक कणही खाऊ न घालता. म्हणून आरओ गाळणीच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा लागतो आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसावे लागते. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. चव यावी म्हणून त्यातल्या बऱ्याच यंत्रांत थोडे मूळ पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात. हे पाणी साठवायला भांडे प्लॅस्टिकचे घ्यावे. बेगम बाजारातली तांब्या-पितळेची भांडी कितीही देखणी असली तरी या कामाला नकोत, कारण तांब्याचा अंशही गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळांना मारतो.

दुसरा हिशोब खाऊचा. माशांच्या कोरड्या खाद्यात वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्यातून 10 मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे 30 मिलिग्रॅम फॉस्फेट. दोनशे लिटरच्या टाकीत हे लिटरमागे 0.15 मिलिग्रॅम झाले. रीफ टँकमध्ये फॉस्फेट लिटरमागे 0.03 ते 0.1 मिलिग्रॅमच्या दरम्यान असावे असे बहुतेक अनुभवी लोक मानतात. म्हणजे एका चिमटीत आपण ती मर्यादा ओलांडतो. यातले काही फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर खेचून घेतो, काही जिवाणू आणि प्रवाळ वापरतात, काही चुनखडीचे दगड आणि वाळू धरून ठेवतात. हे धरून ठेवणेच पुढे त्रास देते. पाण्यातले फॉस्फेट खाली आणले की दगड आपल्याजवळचे सोडू लागतात, आणि आठवडेच्या आठवडे चाचणीचा आकडा हलत नाही. कंटाळून लोक लोहयुक्त फॉस्फेट-शोषकाचा डोस दुप्पट करतात. मग फॉस्फेट एकदम कोसळते आणि शेवाळाआधी प्रवाळच पांढरे पडतात.

शेवाळ कुठले ते ओळखल्याशिवाय हात घालू नये. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि वाळूवर बसणारी तपकिरी धूळ डायटम या सूक्ष्म शेवाळाची असते. सिलिकेट संपले की ती जाते, तिची काळजी नको. हिरवे केसाळ शेवाळ बहुधा डर्बेशिया असते. पिसासारखे दिसते ते ब्रायोप्सिस, आणि ते फार चिवट. हिरवे चकचकीत फुगे व्हॅलोनियाचे. ते फोडण्याऐवजी तळाशी धरून दगडाच्या कपचीसकट काढावेत. लाल-जांभळी, बोटाने पातळ कातड्यासारखी सोलली जाणारी साय मुळात शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू.

सायनोबॅक्टेरिया पाहायला शहराबाहेर जायची गरज नाही. सोळाव्या शतकातला हुसेनसागर शहरातच आहे. नाल्यांतून आलेल्या सांडपाण्याने त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढले की सायनोबॅक्टेरियांचा हिरवा तवंग पसरतो. तो काढला तरी नाले चालू असतील तोवर पुन्हा धरतो. घरच्या टाकीत स्पंजने काच घासणारा रोज हेच अनुभवतो.

मग सगळे शून्यावर आणावे का? मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते इथेच आहे. आल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञाने समुद्री प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचे प्रमाण 106:16:1 असल्याचे दाखवले. नायट्रेट आणि फॉस्फेटच्या वजनात बोलायचे तर साधारण दहास एक. या प्रमाणाला मंत्र मानून टाकी चालवू नये, पण एक गोष्ट त्यातून कळते: दोन्हींपैकी एक अगदी संपले तर दुसरे कितीही असले तरी टाकीतल्या जिवांची वाढ अडते. अशा उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स, थोडक्यात डायनो, हे सूक्ष्म एकपेशीय जीव माजतात. तपकिरी, चिकट, शेंबडासारखे धागे, टोकांना हवेचे बुडबुडे. दिवसा दाट, रात्री दिवे मालवले की विरळ. शेवाळ समजून माणूस पाणी आणखी निर्मळ करतो, खाऊ आणखी तोडतो, आणि ते आणखी वाढतात, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे शेवाळ आणि जिवाणू आधीच उपाशी मेलेले असतात.

इथे शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही मोलाचा ठरतो. एका जागी धरल्यासारख्या गरगर फिरणाऱ्या, थेंबाच्या आकाराच्या पेशी दिसल्या तर ते डायनो ऑस्ट्रिऑप्सिस. ते रात्री पाण्यात सुटतात, म्हणून पुरेशा क्षमतेचा यूव्ही दिवा त्यांच्यावर चालतो. वाळूतच राहणाऱ्या अँफिडिनियमच्या मोठ्या जातींवर तो चालत नाही. तिथे लोक पाण्यात मुद्दाम सिलिकेट घालतात, म्हणजे डायटम वाढून वाळूवरची जागा घेतात. नव्या टाकीत ज्या तपकिरी धुळीला आपण कंटाळतो, तीच इथे कामाला येते. सोबत नायट्रेट लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फेट 0.05 च्या वर टिकवावे लागते; गरज पडली तर खाऊ वाढवावा लागतो. शेवाळ घालवण्यासाठी खाऊ वाढवा, हा सल्ला पचायला जड जातो, पण डायनोंच्या बाबतीत तो खरा आहे.

समुद्रात शेवाळाला दाबून ठेवतात ते चरणारे जीव. 1983-84 मध्ये कॅरिबियन समुद्रातली डायडेमा जातीची काळी, लांब काट्यांची समुद्री साळ, म्हणजे सी अर्चिन, एका साथीत जवळजवळ नाहीशी झाली. जमैकाच्या किनाऱ्यावर मासेमारीने शाकाहारी मासे आधीच घटले होते, चक्रीवादळांनी प्रवाळ मोडले होते. टेरी ह्यूज यांनी 1994 मध्ये मांडलेले आकडे असे: 1970 च्या दशकाच्या शेवटी जमैकाच्या रीफवर प्रवाळांचे आच्छादन सुमारे 52 टक्के होते, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 3 टक्के उरले, मोठे शेवाळ 4 टक्क्यांवरून 92 टक्क्यांवर गेले. ऑस्ट्रेलियात डेव्हिड बेलवूड आणि सहकाऱ्यांनी रीफच्या काही भागावर जाळ्या टाकून मासे दूर ठेवले, शेवाळ वाढू दिले आणि मग जाळ्या काढल्या. ते फस्त करायला धावला तो नेहमीचा शाकाहारी मासा नव्हता, तर बॅटफिश, ज्याला कोणी चरणारा मानलेच नव्हते.

समुद्रातले जीव टाकीत आणण्याला आपल्याकडे कायद्याची चौकट आहे, आणि ती योग्यच आहे. 2001 मध्ये सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आले. त्याच वर्षीच्या यादीत ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरॅटस या शेवाळ चरणाऱ्या मोठ्या गोगलगायीही संरक्षित झाल्या. मन्नारच्या आखातातून किंवा लक्षद्वीपहून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे पोवळ्याचाच सांगाडा. कोणी विकायला आणला तर घेऊ नये. सिरॅमिकचे किंवा खाणीतल्या चुनखडीचे कोरडे दगड जिवाणूंनी भरायला काही महिने घेतात, तेवढे द्यावेत. क्लाउनफिश हवा असेल तर पैदास केलेला घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र भारतात विकसित केलेले आहे.

चरणारे कमी असतील तर शेवाळाला वेगळी जागा देता येते. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी उथळ, भरपूर उजेडाच्या तबकांवर मुद्दाम शेवाळ वाढवून आणि ते वेळोवेळी खरवडून काढून प्रवाळांच्या टाकीचे पाणी स्वच्छ ठेवण्याची पद्धत विकसित केली. घरी हेच टाकीखालच्या संपमध्ये, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या छोट्या टाकीत, कीटोमॉर्फा हे धाग्यांसारखे शेवाळ वाढवून करतात. वरचे दिवे मालवले की खालचा दिवा लागतो. वाढलेला गुंता आठवड्याला मूठभर काढून टाकायचा. त्या मुठीबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट खरोखर घराबाहेर जाते. माझ्या मते औषधाच्या कोणत्याही बाटलीपेक्षा हा उपाय सरस.

बाटल्यांबद्दल बोलायलाच हवे, कारण हैदराबाद औषधांचे शहर आहे. लाल सायनोवर एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चालते, पण त्याच्याबरोबर टाकीचे उपयोगी जिवाणूही धोक्यात येतात, आणि ते पाणी शेवटी गटारात जाते. 2007 मध्ये स्वीडनच्या योकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी शहराजवळच्या पटणचेरू येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत नोंदवले होते. त्या शहरात हौसेच्या टाकीसाठी प्रतिजैविक ओतणे मला मान्य नाही. सायनोसाठी साचलेल्या कोपऱ्यात पाण्याचा प्रवाह वाढवावा, साय नळीने ओढून घ्यावी, तीन दिवस पूर्ण अंधार करावा, आणि त्या काळात पाण्याला हवा भरपूर मिळेल हे पाहावे. ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल हे बुरशीरोधक औषध लागू पडते, पण बाकी सगळे करून झाल्यावरच.

हाताने उपटणे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत खात्रीचे. दगड बाहेर काढून वेगळ्या बादलीतल्या खाऱ्या पाण्यात ब्रशने घासावा. टाकीतच घासला तर तुकडे सगळीकडे पसरतात. शेवाळ घालवण्यासाठी दगड उकळू मात्र नये. पॅलिथोआसारख्या प्रवाळसदृश जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतिजहाल विष असू शकते. वाफेतून ते श्वासात गेल्याने घरची माणसे रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

काढलेले शेवाळ कुठे टाकता यालाही महत्त्व आहे. 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ समुद्रात कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा छोटासा पुंजका दिसला. पुढे तो भूमध्य समुद्रात दूरवर पसरला. मन्नारच्या आखातात शेतीसाठी आणलेले कप्पाफायकस हे शेवाळ कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर चढल्याचे 2008 मध्ये नोंदवले गेले. अफझलगंजच्या मोरीतून मुसीत गेलेले समुद्री शेवाळ गोड्या पाण्यात मरेल. पण हा लेख अलिबागला, मालवणला किंवा पणजीला वाचणाऱ्यांनी संपमधला गुंता खाडीत सोडू नये. उन्हात कडकडीत वाळवावा आणि कोरडा झाल्यावर कचऱ्यात टाकावा.