गर्दी, दर्दी आणि मैदान

मैदान भरले की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. "काय गर्दी होती!" हे पहिले, आणि "मैदान आता वाढवायला हवे" हे दुसरे. दुसरे वाक्य पहिल्यातून इतक्या सहजपणे बाहेर पडते, की त्या दोहोंच्या मध्ये काही हिशेब असतो हे आपल्या ध्यानातही येत नाही. तो हिशेब मांडून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू. उदाहरणासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. अंधेरीचे फुटबॉल मैदान आणि त्यावर खेळणारा मुंबई सिटी हा क्लब आपल्याला पुरेसा आहे.

तीन दिवसांची गोष्ट

१ जून २०१८ रोजी अंधेरीच्या या मैदानावर भारताचा सामना चायनीज तैपेईशी झाला. भारताने तो पाच गोलांनी जिंकला आणि कर्णधार सुनील छेत्रीने त्यात तीन गोल केले. हे पाहायला प्रेक्षक किती होते? अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एका चित्रफितीतून लोकांना हात जोडून विनंती केली, की टीका करायची असेल तर खुशाल करा, पण मैदानावर येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना होता आणि तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. सोमवार होता, पाऊस कोसळत होता, तरी सगळी तिकिटे खपली होती.

मैदान तेच, खुर्च्या त्याच, संघही तोच. तीन दिवसांत बदलली ती फक्त लोकांची इच्छा. गर्दी ही खुर्च्यांनी तयार होत नाही, हा या गोष्टीचा पहिला अर्थ. दुसरा अर्थ अधिक अडचणीचा आहे. जी गर्दी तीन दिवसांत वाढते ती तीन दिवसांत ओसरूही शकते. सिमेंटची प्रेक्षकसज्जा मात्र एकदा उभी राहिली की पन्नास वर्षे हलत नाही.

मोठ्याकडून लहानाकडे

इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा मुंबई सिटीचे घरचे मैदान नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम होते. आसने सुमारे पंचावन्न हजार. ल्युंगबर्ग, अनेल्का अशी जगप्रसिद्ध नावे संघात होती. पंचावन्न हजारांच्या मैदानात वीस हजार माणसे बसली तरी संख्या म्हणून ती लहान नव्हे, पण डोळ्यांना दिसतात त्या रिकाम्या खुर्च्याच. २०१६ साली क्लब अंधेरीला आला. येथील आसनसंख्या सुमारे सात हजार. वीस हजारांत जे मैदान ओके-बोके वाटत होते, त्याच्या जागी सहा हजारांत दणाणून जाणारे मैदान मिळाले.

पुढे संघाचा उत्कर्ष झाला. २०१९ साली मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने क्लबचा मोठा हिस्सा घेतला. २०२०-२१ च्या हंगामात मुंबईने साखळीतील अव्वल स्थान आणि करंडक दोन्ही जिंकले, पण करोनामुळे तो सारा हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना खेळला गेला. विजेता संघ तयार झाला आणि त्याला पाहायला मैदानात कोणी नव्हते, असा विचित्र योग. २०२२-२३ मध्ये पुन्हा साखळीत पहिला क्रमांक, २०२४ च्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला हरवून पुन्हा करंडक. मधल्या काळात आशियाई चॅम्पियन्स लीगमध्येही खेळण्याचा मान मिळाला. मात्र २०२३ मधील त्या स्पर्धेचे घरचे सामने अंधेरीत झालेच नाहीत. पुण्याजवळील बालेवाडीत झाले आणि सौदी अरेबियाच्या अल हिलाल संघाविरुद्धचा सामना नेरूळला झाला. नेमार जखमी असल्यामुळे आला नाही, तरीही त्या सामन्याला अंधेरीत मावणार नाही एवढा लोकसमुदाय लोटला.

अशा वेळी सहज वाटते, की आता अंधेरीचे मैदान वाढवावे. पण थोडे थांबू या.

'हाउसफुल्ल'चा अर्थ

कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरावर किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरावर 'हाउसफुल्ल'ची पाटी लागलेली आपण पुष्कळदा पाहतो. म्हणून कोणी नाट्यगृहाची भिंत पाडून खुर्च्या वाढवीत नाही. निर्माता दुसरा प्रयोग लावतो. फुटबॉलच्या सामन्याला ही सोय नाही. तो एकदाच होतो. त्याचा निकाल कळल्यावर दुसऱ्या दिवशी तो कोणी पाहत नाही. म्हणून नाटकाची वाढती मागणी प्रयोगांच्या संख्येत जिरते आणि सामन्याची मागणी मात्र सरळ मैदानाच्या भिंतीवर येऊन आदळते.

यात आणखी एक गोम आहे. मैदान भरलेले नसते तेव्हा प्रेक्षकसंख्या आपल्याला मागणी नेमकी सांगते. चार हजार आले म्हणजे चार हजारांना यायचे होते. पण सात हजारांचे मैदान भरले की ती संख्या मुकी होते. बाहेरून परत गेलेले शंभर होते की दहा हजार, हे ती सांगत नाही. क्लबचे शहाणपण येथे कसाला लागते. तिकिटे किती तासांत संपली, हंगामी तिकिटासाठी किती जण रांगेत आहेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तळाच्या संघाविरुद्ध आडवारी होणाऱ्या सामन्याला किती लोक येतात, हे पाहावे लागते. नामांकित पाहुण्यांच्या सामन्याला गर्दी येते. आडवारच्या सामन्याला दर्दी येतात. मैदान वाढवायचे ते दर्दींच्या संख्येकडे पाहून, गर्दीच्या नव्हे.

खुर्चीचा हिशेब

समजा, सात हजारांचे मैदान चौदा हजारांचे केले. साखळीत घरच्या मैदानावर एका हंगामात साधारण अकरा-बारा सामने होतात. म्हणजे वाढीव सात हजार खुर्च्या वर्षातून बारा संध्याकाळी उपलब्ध होतील, एकूण ८४,००० जागा. समजा, बारांपैकी तीनच सामने असे आहेत की ज्यांना जुने मैदान अपुरे पडते. त्या तिन्ही सामन्यांना नव्या खुर्च्या शंभर टक्के भरल्या तरी वापर २१,००० जागांचा, म्हणजे एक चतुर्थांश. उरलेल्या नऊ संध्याकाळी त्या खुर्च्यांवर पाऊस पडेल किंवा धूळ बसेल. झाडलोट, दिवाबत्ती, रंगरंगोटी आणि कर्जाचे व्याज मात्र वर्षाचे ३६५ दिवस चालूच.

शिवाय नवी खुर्ची जुन्या खुर्चीच्या भावात होत नाही. खालची रांग जमिनीच्या आधाराने उभी राहते. वरच्या मजल्याला जाड खांब, खोल पाया, जादा जिने लागतात. म्हणजे बांधायला ती अधिक महाग. आणि तेथून खेळ लांब दिसत असल्यामुळे तिचे तिकीट मात्र स्वस्त. हे उलटे गणित ज्याने सोडवले नाही त्याने विस्ताराच्या भानगडीत पडू नये.

इंग्लंडमधील दोन क्लबांची कथा येथे उद्बोधक ठरेल. आर्सेनल क्लबचे हायबरीचे मैदान सुमारे अडतीस हजारांचे होते. प्रत्येक सामन्याला ते भरत असे आणि हंगामी तिकिटासाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत असत. २००६ साली क्लब साठ हजारांच्या नव्या मैदानात गेला आणि तेही भरले. तरी कर्ज फेडताना पुढील काही वर्षे त्यांना हात आखडता घ्यावा लागला. याउलट डार्लिंग्टन या छोट्या गावच्या क्लबने २००३ साली पंचवीस हजारांचे मैदान बांधले. प्रेक्षक येत ते काही हजार. त्याच वर्षाअखेर क्लब दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला, आणि पुढे तर त्याला ते मैदान सोडून जावे लागले. आज तेथे रग्बी खेळली जाते. दोघांनीही मैदान वाढवले. एकाने रांग पाहून वाढवले, दुसऱ्याने स्वप्न पाहून.

मैदान कोणाचे, जिना कोणाचा

आपल्याकडे आणखी एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. अंधेरीचे मैदान क्लबचे नाहीच. ते महानगरपालिकेच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलाचा भाग आहे. भाडेकरूने मालकाच्या घरावर मजला चढवावा काय? चढवला तर तो कोणाचा? आणि भाडेकरू उद्या निघून गेला तर? हे प्रश्न कल्पनेतले नाहीत. २०२५-२६ चा लीगचा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या करारावरून वेळेवर सुरूच होऊ शकला नाही, आणि २०२५ च्या अखेरीस तो परदेशी समूहही मुंबई सिटीतून बाहेर पडला. ज्या लीगचे पुढचे वर्ष निश्चित नाही, तिच्या भरवशावर पन्नास वर्षांचे बांधकाम कोणी करावे?

त्यानंतर सुरक्षेचा प्रश्न. मैदानात किती माणसे बसू शकतात, हे खुर्च्या ठरवीत नाहीत. किती माणसे ठराविक वेळात सुखरूप बाहेर पडू शकतात, यावरून ते ठरते. ब्रिटनमधील मार्गदर्शक नियमांनुसार साध्या परिस्थितीत प्रेक्षक आठ मिनिटांच्या आत मोकळ्या वाटेला लागले पाहिजेत. असे नियम कागदावर आपोआप येत नाहीत, माणसे मेल्यावर येतात. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात सोळा प्रेक्षक प्राणाला मुकले. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेर चेंगराचेंगरीत अकरा जण गेले. मैदानाच्या आत नव्हे, दाराबाहेर. आणि २९ सप्टेंबर २०१७ ची एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरची दुर्घटना तर रोज लोकलने कॉलेजला येणाऱ्या आपल्यापैकी कोण विसरेल? तेथे सामना नव्हता, होता तो फक्त एक अरुंद जिना. सज्जा दुप्पट केली आणि बाहेरचा रस्ता व स्टेशनचा जिना तेवढाच राहिला, तर आपण मैदान वाढवले नाही, धोका वाढवला.

शेवटची लोकल

विठ्ठलवाडीहून अंधेरीला सामना पाहायला जायचे म्हणजे बदलापूर-अंबरनाथकडून येणारी लोकल पकडायची, घाटकोपरला उतरायचे आणि मेट्रोने आझाद नगर गाठायचे. सामना साडेसातला सुरू झाला तर साडेनऊच्या सुमारास संपतो. तेथून निघून विठ्ठलवाडीच्या फलाटावर पाय ठेवीपर्यंत अकरा वाजून जातात. शेवटच्या दहा मिनिटांत ज्याचे एक लक्ष चेंडूकडे आणि दुसरे घड्याळाकडे असते, त्याला नवी खुर्ची देऊन काय उपयोग? त्याला हवा आहे साडेपाचचा सामना. उलट नेरूळला जायचे तर ठाण्याला गाडी बदलली की झाले, स्टेशनपासून मैदान चालत जाण्यासारखे. कल्याण-डोंबिवली-उल्हासनगरच्या मुलांना लहान अंधेरीपेक्षा मोठे नेरूळ जवळचे आहे.

या दृष्टीने कोल्हापूर पाहण्यासारखे आहे. तेथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि मोठ्या सामन्याला पायऱ्यांवर तीळ ठेवायला जागा नसते. कोणी परदेशी खेळाडू पाहायला येत नाही. आपल्या पेठेचा, आपल्या तालमीचा पोरगा पाहायला लोक येतात, आणि पुष्कळसे चालत येतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. तेथील प्रेक्षक मैदानात तयार झालेला नाही, पेठेत तयार झालेला आहे. मुंबईच्या क्लबाला खुर्च्यांची उणीव नाही. त्याला पेठेची उणीव आहे.

मग करावे काय?

विरुद्ध बाजूचे एक म्हणणे मात्र खरे आहे आणि ते टाळता येत नाही. मैदान लहान राहिले आणि मागणी वाढली, तर तिकीट महाग होते. आणि महाग तिकिटाने सर्वांत आधी कोण बाहेर फेकला जातो? विद्यार्थी. म्हणजे विस्तार नाकारताना आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ शकतो. यावर माझ्या अल्पमतीला सुचतो तो मार्ग असा. नेहमीचे सामने लहान मैदानावर ठेवावेत आणि त्यातील काही जागा विद्यार्थ्यांसाठी स्वस्त दराने राखाव्यात. वर्षातले दोन-तीन मोठे सामने नेरूळला न्यावेत. भाडे पडेल, पण ते तीन संध्याकाळचे पडेल, पन्नास वर्षांचे नव्हे. सामन्याची वेळ लोकलचे वेळापत्रक समोर ठेवून ठरवावी. आणि आडवारचे सामनेही सलग तीन हंगाम भरू लागले, मैदानाच्या मालकीचा व कराराचा प्रश्न सुटला आणि बाहेरचे रस्ते रुंद झाले, तर मग एकेक बाजू करीत जरूर वाढवावे.

गर्दी पाहून मैदान वाढवायचे की नाही, हा प्रश्न वरवर फुटबॉलचा दिसतो. पण कॉलेजचे वाचनालय, स्टेशनचा पूल, गावाचे नाट्यगृह, सगळीकडे तो आहे. एका दिवसाची गर्दी पाहून आपण वास्तू उभारतो आणि रोजच्या माणसाची वाट अरुंदच ठेवतो. ४ जून २०१८ च्या पावसात जे भिजत उभे राहिले, त्यातले किती जण पुढच्या साध्या सामन्याला पुन्हा आले? त्यांची मोजदाद आधी करावी. खुर्च्या मागाहून मोजता येतील.