पडद्यावरील खिडक्या

लिहिण्यावाचण्याचे काम करणाऱ्या माणसास मेज लागते. मेजावर तो हवे ते कागद पसरतो. एक वाचतो, दुसऱ्यावर लिहितो, तिसरा पडताळून पाहण्यासाठी जवळ ठेवतो. हेच काम संगणकावर करावयाचे झाल्यास पडदा हेच मेज होते. त्यावर उघडलेला प्रत्येक लेख एका चौकटीत दिसतो. या चौकटीस ‘खिडकी’ असे म्हणतात, आणि हे नाव अगदी सार्थ आहे. घराच्या खिडकीतून शेत दिसते. परंतु खिडकी लावून घेतल्याने शेत काही नाहीसे होत नाही. त्याचप्रमाणे लेख संगणकाच्या साठ्यात जतन केलेला असतो. खिडकीतून तो केवळ दिसतो. लेख जतन केल्यावर खिडकी बंद केली, तरी तो सुरक्षित राहतो.

मेज आणि पडदा यांत मात्र एक मोठा फरक आहे. मेज ऐसपैस असते. पडदा त्या मानाने फारच लहान. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो या गावी झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये एक संशोधन केंद्र स्थापन केले. तेथे १९७३ मध्ये ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा जेमतेम एका कागदाएवढा होता. एवढ्याशा जागेत अनेक लेख मांडावयाचे कसे? ॲलन के व त्यांचे सहकारी यांनी यावर उपाय योजला. मेजावरची जागा संपली, की माणूस कागदावर कागद ठेवतो. तद्वत खिडकीवर खिडकी ठेवावी. वरची खिडकी पूर्ण दिसेल, खालच्या खिडक्यांच्या कडा दिसतील आणि माउसने एखाद्या कडेवर टिचकी मारताच ती खिडकी वर येईल.

ही युक्ती सर्वांनीच लगेच स्वीकारली नाही. झेरॉक्सचा १९८१ मधील ‘स्टार’ हा संगणक आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘विंडोज’ची १९८५ मधील पहिली आवृत्ती यांत खिडक्या फरशांप्रमाणे शेजारी शेजारी मांडल्या जात. त्यामुळे काहीच झाकले जात नसे. परंतु खिडक्या वाढल्या, की प्रत्येकीची जागा आक्रसत असे. पुढे १९८७ मध्ये ‘विंडोज’च्या दुसऱ्या आवृत्तीतही खिडकीवर खिडकी ठेवण्याची सोय आली. वस्तुतः दोन्ही पद्धतींचा उपयोग आहे. दोन लेख ताडून पाहावयाचे असतील, तर ते शेजारी शेजारी ठेवावेत. एकच लेख लिहावयाचा असेल, तर तो पडदाभर उघडावा.

तथापि खिडक्या फार झाल्या, म्हणजे घोटाळा होतो. समजा, एक शिक्षक वार्षिक निकालपत्रक तयार करीत आहेत. सातवीच्या ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही तुकड्यांची गुणपत्रके, हजेरी आणि गेल्या वर्षीचा तक्ता अशा खिडक्या त्यांनी उघडल्या आहेत. इतक्यात एक तातडीचे पत्र लिहावे लागते. त्यासाठी आणखी तीन खिडक्या उघडतात. पत्र पुरे करून ते परततात आणि ‘अ’ तुकडीचे गुण ‘ब’ तुकडीच्या तक्त्यात भरू लागतात. दोन्ही तक्ते दिसावयास सारखेच! चूक वेळीच ध्यानात आली नाही, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावे लागावयाचे. अशा वेळी दोष संगणकाचा नसतो. दोन कामांचे कागद एकत्र मिसळलेले असतात.

झेरॉक्सच्या त्याच केंद्रातील ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी १९८६ मध्ये या अडचणीचा विचार मांडला. माणूस सर्व खिडक्या एकाच वेळी वापरीत नाही. एका कामासाठी तो ठरावीक थोड्या खिडक्या वापरतो, आणि काम बदलले, की खिडक्यांचा दुसरा गट वापरू लागतो. म्हणून त्यांनी प्रत्येक कामास पडद्यावर जणू एक स्वतंत्र दालन दिले. एका दालनातून दुसऱ्यात गेले, की पहिल्यातील खिडक्या दृष्टीआड होत. परत आले, की त्या जशाच्या तशा मांडलेल्या सापडत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. हवा तो रुमाल सोडावा, बाकीचे बांधलेलेच राहू द्यावेत, अशीच ही सोय होय.

पुढे अशा सोयी वाढत गेल्या. १९९५ च्या ‘विंडोज’मध्ये पडद्याच्या तळाशी उघड्या खिडक्यांची नावे दाखविणारी पट्टी आली. २००३ मध्ये ॲपल कंपनीच्या संगणकावर सर्व खिडक्या लहान करून एकदम पाहता येऊ लागल्या. २०१५ च्या ‘विंडोज १०’ मध्ये निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे पडदे मांडण्याची सोय झाली. ‘ऑल्ट’ ही कळ दाबून ठेवून ‘टॅब’ ही कळ दाबल्यास ‘विंडोज’मध्ये एका खिडकीतून दुसरीत जाता येते.

परंतु साधने कितीही असोत, काही सवयी माणसाने स्वतःच लावून घ्याव्या लागतात. प्रत्येक लेखास ओळखता येईल असे नाव द्यावे. लिहू लागण्यापूर्वी खिडकीच्या माथ्यावरील नाव वाचावे. काम संपताच लेख जतन करून खिडकी बंद करावी. ज्या खिडकीचे आता काम नाही, ती उघडी ठेवल्याने काम पुढे सरकत नाही. लक्ष मात्र विभागले जाते. पडदा मोठा घेता येतो, दुसरा जोडताही येतो. माणसाचे लक्ष मात्र एका वेळी एकाच कामावर नीट लागते. म्हणून समोर तेवढेच ठेवावे, जेवढे हातातील कामास हवे.