चारोटीच्या थंडीत कोणता हीटर?

चारोटी परिसरातल्या जुन्या वारली घरांना कारवीचे कूड असतात, वर माती-शेणाचा लेप. चुलीचा धूर फटींतून, छपरातून निघून जातो. सिमेंटच्या बंद खोलीत मात्र कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जातो. त्यापेक्षा तेलाचा रेडिएटर कितीतरी बरा. त्यातलं तेल जळत नाही, विजेवर तापतं आणि बंद केल्यावरही पात्यांमधून ऊब देत राहतं. इथली थंडी मोजक्या रात्रींची, म्हणून देखणेपणासाठी जास्त पैसे मोजू नयेत. थर्मोस्टॅट मात्र हवाच. १५०० वॅटचा रेडिएटर तासभर पूर्ण क्षमतेने चालला, तर दीड युनिट वीज लागते. तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच जोडा आणि त्यावर कपडे वाळत घालू नका.