ताणाचे गणित : चौंडके ते बेस गिटार

गोंधळातले तुणतुणे आपण ऐकले आहे. खुंटी एकदा पिळली की ते शेवटपर्यंत एकच सूर देते. यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके मात्र वेगळे. त्याची तार कातड्यातून निघून हातातल्या मुठीला बांधलेली असते. मूठ ओढली की ताण वाढतो व सूर चढतो. सैल सोडली की उतरतो. विजेच्या गिटारमध्ये हेच काम एका दांड्याने होते. त्या योजनेला ट्रेमोलो म्हणतात.

अमेरिकेतील नेड स्टाइनबर्गर यांनी 1980 च्या सुमारास डोके नसलेली बेस गिटार आणली. तिच्या खुंट्या मानेच्या टोकाऐवजी बुडाशी असतात. तिला ट्रेमोलो बसवायचा तर काय पाहावे लागेल?

तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. सूर पेटीच्या एका पट्टीने उतरवायचा तर वारंवारता सुमारे 5.6 टक्के घटावी लागते आणि त्यासाठी ताण सुमारे 11 टक्के. बेसच्या चार तारांचा एकूण ताण साधारण 70 ते 80 किलोग्रॅम वजनाइतका असतो. तो स्प्रिंगने तोलून धरावा लागतो. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. दांडा दाबल्यावर चारही तारा सारख्याच सैल केल्या, तरी सूर सारखे उतरत नाहीत. तारांचे पोलादी गाभे कमीअधिक जाड असतात. ताण सारखा असेल तर जाड गाभ्याच्या ताठर तारेचा सूर तेवढ्याच सैलीने अधिक उतरतो. म्हणून ताठर तारेचे टोक दांड्याच्या अक्षाजवळ आणि लवचीक तारेचे दूर ठेवावे. मग चारही सूर जुळलेलेच उतरतात. स्टाइनबर्गर यांच्या ट्रान्सट्रेम या योजनेत प्रत्येक तार अशीच वेगळ्या प्रमाणात सैल होते.

तिसरी अडचण, सूर मूळ जागी परतण्याची. खुंटीवरचे वेढे सरकले की तार उतरते. इथे वेढेच नसल्याने ती बरीच टळते.

मानोऱ्यासारख्या गावातल्या शाळेत सोनोमीटर नसला, तरी हे पडताळता येते. पोलादी तारेचे एक टोक टेबलाला पक्के बांधा, दुसरे कप्पीवरून सोडून त्याला बादली टांगा. तार तुटू शकते. चेहरा व पाय दूर ठेवा. बादलीसह वजन 2 किलोग्रॅम असताना मिळणारा सूर ‘सा’ माना. आता विचारा : वजन 4 किलोग्रॅम केले तर वरचा ‘सा’ मिळेल का? बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. प्रत्यक्षात तीव्र मध्यम ऐकू येईल. वरच्या ‘सा’साठी 8 किलोग्रॅम लागतील. पाठ केलेले वर्गमूळ कानाला पटते, ते इथे.