पाठीमागचे भूत

वाचकहो, ज्या घरात शाळकरी मुले आहेत त्या घरात मारिओ हे नाव बहुधा अपरिचित नसेल. लाल टोपी, भरघोस मिशा आणि धंद्याने प्लंबर असलेला हा बुटका गृहस्थ पडद्यावर धावतो, खड्डे ओलांडतो, शत्रूंच्या डोक्यावर उड्या मारतो, आणि शेवटी बंदिवासातल्या राजकन्येला सोडवितो. जपानातील क्योतो शहरी १८८९ साली पत्ते तयार करण्यासाठी निघालेल्या निन्तेन्दो या कंपनीने १९८५ साली त्याचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ काढला. त्यातील बहुतेक शत्रूंना एकच उपाय पुरतो: त्यांच्या टाळूवर पाय देणे. चालून येणारा शत्रू चिरडला जातो, कासव कवचात शिरते, आणि आपण पुढे निघतो.

परंतु १९८८ साली जपानात निघालेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ या तिसऱ्या खेळातील किल्ल्यांत एक असा जीव भेटतो, की ज्याच्यापुढे हा उपाय चालत नाही. तो म्हणजे एक पांढरे, वाटोळे भूत. इंग्रजीत त्याला ‘बू’ म्हणतात. त्याच्यावर उडी मारावी तर मारिओचीच हानी होते. अग्निगोळ्यांनी ते भाजत नाही. भिंत त्याला आडवीत नाही. हातोडे फेकणारा पोशाख जवळ असला तर मात्र ते मरते, पण तो पोशाख मिळणार क्वचित. मग अशा भुतापुढे बिचाऱ्या प्लंबराने करावे तरी काय?

त्याने त्याच्याकडे पाहावे. मारिओने तोंड वळविले की भूत आहे त्या जागी खिळते आणि इवल्या हातांनी आपला चेहरा झाकून घेते, एखादी नवी सून पाहुण्यांपुढे संकोचावी तसे. त्याने पाठ फिरविली की ते मुकाट्याने पाठलाग सुरू करते. यंत्राच्या दृष्टीने ही युक्ती अगदी साधी आहे. मारिओचे तोंड डावीकडे आहे की उजवीकडे, आणि भूत त्याच्या कोणत्या बाजूस आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सारे चालते. परंतु खेळणाऱ्याची त्यामुळे मोठी पंचाईत होते. वाट असते पुढे आणि भूत असते मागे. सारखे मागे पाहात उभे राहिले तर वाट सरत नाही, आणि वर घड्याळ चालूच असते. न पाहता पळत सुटले तर पाठीवर भूत येते. म्हणून जाणती मुले चार पावले चालतात, वळतात, त्याला थांबवितात, आणि पुन्हा चार पावले चालतात. आपल्याकडे ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणतात. येथे त्या सृष्टीला पाय फुटले आहेत इतकेच. (पाय म्हणणेही चूकच, हे भूत तरंगते.)

आता हे भूत सुचले कोणाला व कसे, ते ऐकण्यासारखे आहे. या खेळांचे जनक शिगेरु मियामोतो यांनी ती हकीकत सांगितली आहे. त्यांचे जवळचे सहकारी ताकाशी तेझुका हे १९८४ साली कंपनीत आले आणि मारिओच्या खेळांच्या रचनेत आरंभापासून त्यांचा हात होता. तेझुकांची पत्नी स्वभावाने अत्यंत शांत. पती दिवसचे दिवस कामात गढलेला, घरी त्याचा वेळ नाही. ती एरवी गप्प राही, पण एके दिवशी तिचा संयम संपला आणि ती कडाडली. तेझुकांनी त्या प्रसंगावरून हे भूत खेळात घालण्याची कल्पना काढली: समोर पाहिले तर संकोचणारे, पाठ वळली की अंगावर येणारे.

ही गोष्ट सामान्यतः बायकोची गंमत म्हणून सांगितली जाते, आणि ऐकणारे हसतात. आम्हांस तसे हसू आले नाही. त्या दिवशी ती काय बोलली, हे या हकीकतीत कोठेच नाही. तिचे नावही नाही. तिचा राग ज्या कामावर होता त्याच कामात तो वापरला गेला, आणि त्या खेळाच्या १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रती जगभर खपल्या. ही तक्रार धरावी तेवढी थोडीच. तथापि भुताचा नियम नीट पाहिला असता असेही वाटते, की त्या पतीने बायकोची थट्टा केली असेल, पण खोटे काही लिहिले नाही. ते भूत आपण होऊन कधीच उग्र होत नाही. त्याला तसे करणारी गोष्ट एकच, मारिओची पाठ. आणि त्याला थांबविण्यास शस्त्र लागत नाही, नुसते वळावे लागते.

जपानीत या भुताचे नाव ‘तेरेसा’ आहे. हे वाचून आमच्या भगिनींनी दचकू नये. संत तेरेजांशी त्याचा संबंध नाही. ‘तेरेरु’ म्हणजे लाजणे, या जपानी क्रियापदावरून ते आले आहे.

पुढील खेळांत त्याचा वंश फार वाढला, आणि आमच्या मते थोडा बिघडलाही. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ मध्ये त्याला स्वतंत्र भूतघरे मिळाली. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ मध्ये पाहताच ते पारदर्शक होऊ लागले. पाहणाऱ्याचा मारा त्याला लागेना, त्यामुळे त्याला जिंकण्यास मारिओनेच त्याची पाठ गाठावी, असा उलटा न्याय आला. १९९८ च्या ‘मारिओ पार्टी’ मध्ये तर ते भाडोत्री चोर झाले, ५० नाणी मोजली की दुसऱ्याचा तारा पळवून आणणारे. २००१ साली मारिओचा भाऊ लुईजी याच्या ‘लुईजीज मॅन्शन’ या खेळात अशी ५० भुते आली, आणि त्यांना पकडण्याचे हत्यार ठरले केर ओढून घेणारे घरगुती यंत्र, व्हॅक्युम क्लीनर. घरातल्या भांडणातून निघालेले भूत घरातल्याच यंत्रात गेले, याची रचणाऱ्यांना कितपत जाणीव होती कोण जाणे.

२००७ च्या ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’ मध्ये मात्र एक वेगळाच प्रकार घडला. तेथे एक विशिष्ट अळंबे खाल्ले की मारिओ स्वतःच तसले पांढरे, वाटोळे भूत होतो. तो तरंगतो, जाळीतून आरपार जातो, आणि अंगावर उजेड पडला की पुन्हा मिशीवाला प्लंबर होऊन जमिनीवर येतो.