पट्टे लाल, इंजीन तेच!

अठरा पूर्ण झाले, लायसन्स हातात आलं, की कर्जत-खालापूरच्या घराघरांत एकाच विषयावर बैठक बसते. घरच्यांना हवी असते साधी, भरवशाची अ‍ॅक्टिव्हा. पोराला किंवा पोरीला हवी असते धारदार नाकाची, लाल पट्ट्यांची, शेपूट वर उचललेली ‘स्पोर्टी’ गाडी. कशेळ्याहून कर्जतला कॉलेजात यायचं, चौकहून खोपोलीच्या कारखान्यात पाळीला जायचं, नेरळला लोकल पकडायची. काम तेच, हट्ट वेगळा. मी या बैठकीत पोरांच्या बाजूने बसतो. पण हट्ट धरण्याआधी या गाड्यांच्या पोटातल्या गमती माहीत हव्यात. त्या कळल्या की वादही जिंकता येतो आणि गाडीही नीट निवडता येते.

सख्ख्या बहिणी

पहिलीच गंमत वाद मिटवणारी आहे. होंडाची डिओ 110 आणि घरच्यांची लाडकी अ‍ॅक्टिव्हा 110 यांचं इंजीन एकच, 109.51 सीसीचं. चेहरा, दिवे, शेपूट आणि रंग बदलले की आईची गाडी मुलाची होते. डिओ हे नाव जपानात 1988 पासूनचं, भारतात ते 2002 साली आलं.

म्हणजे खर्चाच्या बाबतीत घरच्यांची निम्मी भीती इथेच संपते. अ‍ॅक्टिव्हा उघडणारा मेकॅनिक आपल्याकडे नाक्यानाक्यावर आहे, आणि त्याला डिओ खोलायला नवं काही शिकावं लागत नाही. तुमच्या गावापासून सर्वात जवळचा मेकॅनिक कोणती गाडी डोळे मिटून खोलतो, हे विचारून या. माझ्या मते कंपनीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा हे उत्तर जास्त कामाचं आहे.

नाक विमानाचं

1946 साली इटलीत व्हेस्पा जन्मली, ती विमानं बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीत. तिचा आराखडा करणारे कोराडिनो द’आस्कानिओ हे विमानांचे इंजिनिअर. मोटारसायकल त्यांना मनापासून आवडत नसे. पुढचं चाक एकाच बाजूने धरायची युक्ती त्यांनी विमानाच्या चाकांवरून उचलली, त्यामुळे पंक्चर झालं की चाक चटकन काढता येई. व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. 72 वर्षांनी, 2018 साली, टीव्हीएसने एनटॉर्क 125 आणली आणि सांगितलं की हिची ठेवण रडारला न दिसणाऱ्या लढाऊ विमानांवरून घेतली आहे. स्कूटर पुन्हा विमानतळावर पोचली!

आणि स्कूटरचा अर्धा इतिहास तर आपल्या महाराष्ट्रातच घडला. लॅम्ब्रेटा भांडुपला बनायची. आकुर्डीच्या बजाजने 1972 साली चेतक आणली, महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून, आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडायची. पुण्याच्या फिरोदियांनी होंडाबरोबर 1984 साली कायनेटिक होंडा काढली. तिला गिअर नव्हता आणि ती बटण दाबून सुरू व्हायची, त्या काळात ही चैनच. अलीकडच्या स्पोर्टी गाड्यांतही एक मराठी मातीतली होती: अप्रिलियाची एसआर 150. ती 2016 साली आली आणि बनली बारामतीत. चाकं थेट 14 इंची. शर्यतीच्या मोटारसायकलींवर झळकणारं इटालियन नाव आणि पत्ता पुणे जिल्ह्याचा, हे ऐकून आजही मला आनंद होतो.

पट्ट्याची करामत आणि माथेरानचा उतार

या गाड्यांना गिअर नसतो म्हणजे काय असतं? एक रबरी पट्टा आणि दोन पुल्या. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुली आवळते, पट्टा वर चढतो आणि गिअर आपोआप बदलल्यासारखा होतो. हीच कल्पना 1958 साली हॉलंडच्या डाफ कंपनीने एका छोट्या मोटारीत घातली होती. ती मोटार जितक्या वेगाने पुढे जाई तितक्याच वेगाने मागे जाई. मग काय, डच लोकांनी तिच्या उलट्या दिशेने शर्यतीच भरवल्या!

आपल्याकडे मात्र या पट्ट्याची गोष्ट गंभीर आहे, कारण आपल्याकडे घाट आहेत. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा चढ 110 सीसीची गाडी डबल सीट चढते, थोडी कण्हते, पण चढते. दस्तुरीला तिची मजल संपते, पुढे माथेरानात खासगी गाडीला बंदीच आहे. खरी परीक्षा उतरताना होते. मोटारसायकल दुसऱ्या गिअरवर टाकली की इंजीनच तिला मागे खेचून धरतं. स्कूटरचा क्लच वेग कमी झाला की आपोआप सुटतो, आणि इंजीन बंद असेल तर खेचणारं कोणीच उरत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. पेट्रोल वाचवायला चावी फिरवून घाट उतरणारे जागोजागी दिसतात. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, असं करू नका. वाचतं ते चमचाभर पेट्रोल, आणि तापलेला ड्रम ब्रेक वळणावर दगा देतो. इंजीन चालू ठेवा, दोन्ही ब्रेक हलके हलके वापरा, वास आला तर बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबा.

म्हणूनच पुढच्या चाकाला डिस्क असलेली गाडी घ्या, दोन-चार हजार जास्त गेले तरी. 125 सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी सोय सक्तीची झाली. डावा ब्रेक दाबला की पुढचं चाकही थोडं आवळतं. 125 च्या वरच्या गाड्यांना एबीएस असतं, म्हणजे ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊन घसरत नाही. स्पोर्टी गाडीचा खरोखर कामाचा दागिना कोणता, तर हाच.

चाक मोजा, स्टिकर नंतर

कर्जत-मुरबाड रस्त्याने ऑगस्टमध्ये एक फेरी मारा, म्हणजे चाकाच्या आकाराचं महत्त्व कंबरेला कळेल. लहान चाक खड्ड्यात पूर्ण उतरतं, मोठं चाक त्यावरून निघून जातं. डिओ, यामाहाची रे झेडआर, सुझुकीची एव्हेनिस या तिघींचं पुढचं चाक 12 इंची, मागचं 10 इंची. एनटॉर्कची दोन्ही 12 इंची. यामाहाच्या एरॉक्स 155 ची दोन्ही 14 इंची. शोरूममध्ये हे कोणी आपणहून सांगत नाही. टायरच्या कडेवर शेवटी छापलेला आकडा वाचा, तोच इंचाचा.

पावसाचं आणखी एक. उल्हास किंवा पाताळगंगा नदी रस्त्यावर आली की मोटारसायकलवाला गाडी पाण्यात घालतो म्हणून आपण घालू नये. स्कूटरचा पट्टा खाली, मागच्या चाकाजवळच्या डब्यात असतो. त्यात पाणी शिरलं की पट्टा घसरतो आणि गाडी नेमकी पाण्याच्या मधोमध उभी राहते.

एका गोणीचा फरक

कर्जतच्या भात संशोधन केंद्राने शेतकऱ्याला कर्जत-3, कर्जत-7 असे वाण दिले. त्या तांदळाची 25 किलोची गोणी घरी आणायची तर ती पायाजवळच्या सपाट जागेवरच येणार. डिओ, रे झेडआर, एनटॉर्क, एव्हेनिस, सगळ्यांना ही जागा आहे. एरॉक्सला नाही. तिच्या मधोमध मोटारसायकलसारखा उंचवटा आहे. दिसायला झकास, पण गोणी नाही, सिलिंडर नाही, साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेतून आणलेल्या सुक्या मासळीची पिशवीही नाही. ज्या घरात एकच गाडी आहे, त्या घराने हा उंचवटा नीट बघून घ्यावा.

वजनाची गंमत तर याच गोणीवर मोजता येते. रे झेडआर 125 चं वजन 99 किलो, एरॉक्सचं 126. म्हणजे एकीवर तांदळाची एक भरलेली गोणी कायमची ठेवलेली आहे असं समजा. चिखलाच्या अंगणात गाडी स्टँडवर चढवताना, अरुंद गल्लीत वळवताना, हे 27 किलो रोज भेटतात. सीटची उंचीही बसून बघा. डिओची 765 मिलिमीटर, रे झेडआरची 785. फरक दोन सेंटिमीटरचा, पण उंची कमी असेल तर पाय पूर्ण टेकणं आणि फक्त चवडा टेकणं यातला फरक तोच.

सोळाव्या वर्षाचा गैरसमज

‘गिअर नाही ना, मग सोळाला चालते,’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. कायद्यात सोळाव्या वर्षाची सवलत आहे ती 50 सीसीपर्यंतच्या गाडीला. शोरूममध्ये दिसणारी एकही पेट्रोलची स्पोर्टी स्कूटर त्यात बसत नाही. त्यामुळे ती चालवायला अठराच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा घडला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पंचविशीपर्यंत! नोकरी लागायच्या वयात.

सोळा-सतरावाल्यांना एक वाट मोकळी आहे. 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच धावणारी विजेची गाडी कायद्याने मोटारवाहन ठरत नाही, तिला लायसन्स लागत नाही. गावातल्या गावात शाळा-क्लासपुरती ती पुरते.

पाच सीसीची किंमत

आता पैसे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. करापूर्वी 75 हजारांच्या गाडीवर साडेसात हजार वाचले. त्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर येतो, या गटातल्या गाड्यांना 11 टक्के. मग विमा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. 2022 च्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीला तो 3,851 रुपये आहे आणि 150 च्या वर गेलात की 7,365. म्हणजे 155 सीसीच्या गाडीतले वरचे पाच सीसी, कर सोडून, साडेतीन हजारांना पडतात. हप्ता ठरवताना शोरूमची किंमत धरू नका, ऑन-रोड आकडा कागदावर लिहून घ्या.

मायलेजचा मात्र उगाच बाऊ होतो. रोज 30 किलोमीटर आणि महिन्याचे 25 दिवस धरले तर 750 किलोमीटर होतात. 45 चं मायलेज देणारी गाडी 17 लिटर पिते, 40 चं देणारी 19. फरक दोन लिटरचा, साधारण दोनशे रुपयांचा. तेवढ्यासाठी डिस्क ब्रेक किंवा मोठं चाक सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

वेगाची भूल असेल तर तीही आत्ताच उतरवून ठेवा. खालापूरवरून जाणारा तो रुंद, गुळगुळीत एक्स्प्रेस-वे दुचाकीला बंद आहे. आपला रस्ता जुना मुंबई-पुणे हायवे, आणि त्यावर कंटेनरही आपल्याच बाजूला असतात.

खोपोलीची वीज

विजेच्या स्कूटरला आपले दोन्ही तालुके परके नाहीत. खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्राने 1915 साली मुंबईला वीज दिली, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्र त्यानंतर काही वर्षांत आलं. चेतकही 2019 साली विजेवर परत आली. घरी चार्जिंगला पक्की जागा असेल आणि रोजचं अंतर ठरलेलं असेल तर विजेची गाडी जरूर बघा. पावसाळ्यात ज्या वाडीत दोन-दोन दिवस लाईट जाते, तिथे अजून तरी पेट्रोल बरं.

माझी पसंती विचाराल तर एकट्याने फिरणाऱ्याला, बजेट आवळलेलं असेल तर, डिस्कवाली डिओ 125. डबल सीट, खड्डे आणि घाट रोजचे असतील तर एनटॉर्क 125, दोन्ही चाकं 12 इंची आणि गोणीलाही जागा म्हणून. एरॉक्स घरात दुसरी गाडी असेल तरच.

ट्रायल घेताना शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर एकट्याने फिरून परत येऊ नका. मागे कोणाला तरी बसवा, जवळचा एखादा चढ गाठा, वर थांबा, पुन्हा निघा, मग उतरताना ब्रेक दाबून बघा. गाडी घरी आली की बरेच जण ती आधी महडच्या वरदविनायकाला नेतात. जरूर न्या, हार घाला, नारळ फोडा. फक्त त्या पहिल्या फेरीलाच आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेटं डोक्यावर असू द्या, एक तुमच्या आणि एक मागे बसलेल्या आईच्या.