मेमरी कार्ड 'खराब' म्हणण्याआधी हे करा

दुकान नवीन होतं, तेव्हा एक ताई लग्नाच्या फोटोंचं मेमरी कार्ड घेऊन आल्या. निम्मे फोटो कॉपी झाले आणि एरर आला. विंडोज विचारतंय, 'फॉरमॅट करायचं का?' माझं बोट माऊसवरच होतं. थांबलो, म्हणून वाचलो. रीडर बदलला आणि सगळे फोटो आले!

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय:

१. फॉरमॅटला 'नाही' म्हणा. कार्डाच्या बाजूला लॉक असेल तर लावा.

२. रीडर आणि पोर्ट बदला. जुना रीडर ३२ जीबीपर्यंतचाच असेल, तर ६४ जीबीचं कार्ड तो वाचेलच असं नाही.

३. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रीडर अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज बहुतेक वेळा ड्रायव्हर स्वतःच परत टाकतं. लिनक्स असेल तर लॉग बघा: मायनस ११० म्हणजे कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही, मायनस ८४ म्हणजे डेटा वाटेत बिघडला.

तरीही जमलं नाही, तर हात लावू नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा आणि गिऱ्हाइकाला खरं सांगा. कार्ड नवीन मिळतं हो, लग्न पुन्हा होत नाही. आणि गेलेला विश्वास परत मिळत नाही.